मुलांची लस, नाही म्हणणारे पालक आणि आमची झूमवरची ट्रेनिंगं

सुईदोरा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, नोव्हेंबर २०२२ मधल्या गोवंडी-भिवंडी-मालेगावच्या गोवरच्या साथीच्या बातम्या वाचून आता राहवेना.

मी आरोग्य खात्यातल्या लोकांची प्रशिक्षणं घेते, उत्तर महाराष्ट्रात. एएनएम (उपकेंद्रातल्या नर्स), आशा, अंगणवाडीताई, कधीमधी प्राथमिक आरोग्य केंद्राचे नवीन डॉक्टर. कोविडमध्ये समोरासमोरचं सगळं बंद पडलं आणि कारभार ऑनलाईन गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओपनडब्ल्यूएचओवर जानेवारी २०२० संपायच्या आत कोविडवरचा पहिला कोर्स आला होता, मग आपल्या सरकारचं आयगॉट-दीक्षा आलं, प्रोजेक्ट इकोची ऑनलाईन सत्रं, युनिसेफचे वेबिनार, विचारू नका. सर्टिफिकिटं इतकी जमलीत की लेक म्हणतो आई लॅमिनेशनचं मशीनच घेऊन टाक. बरंचसं कामाचं होतं हेही खरं, पीपीई किट काढायचं कसं, लस उष्णतेने बिघडली की बाटलीवरचा चौकोन काळा पडतो तो बघायचा कसा, हे व्हिडिओवर मस्त कळतं.

घोडं अडतं ते "साशंक पालकांशी संवाद" या भागापाशी. त्यातली आई नेहमी म्हणते, मी इंटरनेटवर वाचलं की लसीत अमुक रसायन असतं. मग नर्स तिला शांतपणे समजावते आणि आई हसून बाळ पुढे करते. अहो आमच्याकडे असं बोलतं कोण? आमच्याकडे बाई म्हणते "ह्यांना विचारून सांगते" आणि दार लोटून घेते. त्या लोटलेल्या दाराशी काय बोलायचं ते जागतिक संघटनेच्या जिनिव्हाहून आलेल्या स्लाईडमध्ये नाही आणि मुंबईच्या पण नाही.

तर विचारायचं हे की तुमच्यापैकी ज्यांनी मुलांची लस लांबवली किंवा नाकारली, कोविडची असो, गोवरची असो, तेव्हा नेमकं काय अडलं होतं? कोणाच्या बोलण्याने फरक पडला का? फील्डवरच्यांनीही लिहा. उपदेश नकोत, ते माझ्याकडे पीपीटीत भरपूर आहेत.

टिवल्याबावल्या
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळपर्यंत प्रतिसादांची शंभरी नक्की.

आजोळ_सातारा
मी लांबवली होती, कोविडची. लेक तेव्हा तेरा वर्षांची. मार्च २०२२ मध्ये १२ ते १४ साठी कॉर्बेव्हॅक्स सुरू झाली तोवर जानेवारीतल्या ओमायक्रॉनमध्ये आम्ही घरचे झाडून सगळे तापून उठलो होतो, तिला तर दीड दिवस ताप आणि मग दिवसभर मोबाईल. मला वाटलं आता कशाला, होऊन तर गेलाय. बाकी तिच्या बीसीजीपासून सगळ्या लशी वेळच्या वेळी झाल्यात, कार्ड फाईलला लावून ठेवलंय, त्यामुळे मला कोणी अँटीव्हॅक्सर म्हटलं की डोकं फिरतं. शाळेच्या ग्रुपवर एका आईने "ज्यांनी घेतली नाही त्यांनी मुलांना पाठवू नका" असं टाकलं आणि त्या दिवशी मी ठरवलं की आता तर मुळीच नाही.

फरक पडला तो आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंमुळे. त्या म्हणाल्या, "घाई नाही, पण आजीला डायबेटिस आहे ना, मग घेतलेली बरी. कधी येऊ ते तू सांग." बस. मे महिन्याच्या सुट्टीत घेतली.

खवट_खोबरं
म्हणजे हट्ट होता तो, शंका कुठे होती?

आजोळ_सातारा
@खवट_खोबरं हो, हट्टच. ताईंनी काय अडलं ते विचारलंय, अडण्याचं कारण उच्च दर्जाचं असावं अशी अट नाही.

डॉ_बाळगुटी
बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे दोन पैसे.

या विषयात एक ठरलेली मांडणी आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये केलेली. पालक अडतात ते तीन कारणांनी: विश्वास नाही, गरज वाटत नाही, किंवा सोय नाही. आजोळ_सातारा यांचं दुसऱ्या खणात बसतं. व्हॉट्सॲपवाले पहिल्या खणात, आणि पेपरात चर्चा फक्त त्यांचीच होते. पण आत्ता गोवर ज्या मुलांना होतोय ती बहुतेक तिसऱ्या खणातली आहेत, हे माझं मत. एप्रिल-मे २०२० आठवा. लसीकरण सत्रं बंद, एएनएम कोविड ड्युटीवर, रिक्षा नाहीत, आणि दवाखान्यात जायचीच भीती. गोवराचा नऊ महिन्यांचा डोस तेव्हा हुकला, सोळा महिन्यांचाही हुकला, आणि मूल आज तीन वर्षांचं झालंय. जुलै २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने आकडे दिले की २०२१ मध्ये जगभरात अडीच कोटी मुलांचा त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) एक तरी डोस राहिला, तीस वर्षांतली सर्वात मोठी सलग घसरण. या अडीच कोटींच्या आयांना कोणी फॉरवर्ड पाठवून बिघडवलेलं नाही.

गोवर फार लागट आहे, एका मुलाकडून बारा ते अठरा जणांना जाऊ शकतो, म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात. ८५ टक्के म्हणजे आपल्याला फर्स्ट क्लास वाटतो, गोवरला तेवढी फट पुरते.

सरळमार्गी
आलेच का सगळे "अडाणी पालक" म्हणायला. (डॉक्टर तुम्हाला नाही.)

आंतरराष्ट्रीय संस्था आणि लस म्हटलं की मला २००९-१० आठवतं. खम्मम (तेव्हा आंध्रात) आणि बडोद्यात पाथ नावाच्या अमेरिकन संस्थेचा एचपीव्ही लशीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा, प्रकल्प. मुली कुठल्या, तर बऱ्याचशा आश्रमशाळा-वसतिगृहातल्या, आणि खम्ममला कितीतरी संमतीपत्रांवर सह्या वॉर्डनच्या. सात मुली दगावल्या. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, मान्य, पण संमतीचा जो खेळखंडोबा झाला त्यावर संसदेच्या समितीने २०१३ मध्ये कोरडे ओढलेत, शोधून वाचा. २०११ मध्ये पाकिस्तानात सीआयएने लादेनचा माग काढायला हेपटायटिसच्या लसीकरणाचं सोंग केलं. आणि आपल्या यवतमाळात ३१ जानेवारी २०२१ ला पोलिओऐवजी बारा पोरांच्या तोंडात सॅनिटायझर घातलं. मुलं वाचली हे नशीब. यानंतर एखादी आई दार लोटत असेल तर तिला "संवाद कौशल्य" लावायचं का उत्तर द्यायचं?

खवट_खोबरं
झालं, व्हॉट्सॲप विद्यापीठाचे कुलगुरू आले.

डॉ_बाळगुटी
@खवट_खोबरं नाही हो, त्यांनी दिलेली तिन्ही उदाहरणं खरी आहेत. त्यातून "म्हणून लस नको" निघतं का, एवढाच वाद आहे.

सरळमार्गी
मी लस नको म्हटलेलंच नाही. माझ्या दोन्ही पोरांना सगळ्या दिल्यात. मी म्हणतोय की विचारायचा हक्क काढून घेऊ नका. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून झाली तेव्हा आमच्या शाळेतून चिठ्ठी आली, "आपल्या पाल्यास लस देण्यात येईल". संमती वगैरे भानगड नाही. दोनेक महिन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाने तिथली मोहीम नेमकी याच मुद्द्यावर थांबवली. आणि २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही.

थेम्सकाठी
संमतीवरून आमच्या इकडची गंमत सांगते. इंग्लंडात असते, मुलगा २०२१ च्या सप्टेंबरात बारा वर्षांचा. ३ तारखेला इथली लसीची तज्ज्ञसमिती म्हणाली की निरोगी १२-१५ च्या मुलांना फायदा धोक्यापेक्षा थोडा जास्त आहे, पण इतका थोडा की सरसकट द्या असं आम्ही म्हणणार नाही. दहा दिवसांनी, १३ तारखेला, चारही प्रांतांचे मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणाले की शाळा बुडण्याचं नुकसान धरलं तर एक डोस द्या. अमेरिकेत त्याच वयाला मे महिन्यापासून दोन डोस चालू होते. तेव्हा भारतात त्या वयाला काहीच सुरू नव्हतं. आमच्या मराठी आयांच्या ग्रुपवर तीन देशांतले फतवे एकाच दिवशी यायचे, आणि एकीचे काका पुण्यात डॉक्टर, दुसरीचा भाऊ न्यू जर्सीत.

शाळेकडून ऑनलाईन संमतीचा फॉर्म आला, त्याबरोबर माहितीपत्रक. त्यात मुलग्यांमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, छातीत दुखलं तर काय करायचं, सगळं स्वच्छ लिहिलेलं. माझ्या नवऱ्याने ते वाचून नको म्हटलं आणि मी तेच वाचून हो म्हटलं. वर इकडे कायदा असा की मुलाला पुरेशी समज आहे असं नर्सला वाटलं तर मूल स्वतः हो म्हणू शकतं, आईबाप नाही म्हणाले तरी. चिरंजीव म्हणाले, मला घ्यायचीय कारण गणिताचा तास बुडतो.

टिवल्याबावल्या
चिरंजीवांना लोटांगण. सगळ्या देशांच्या तज्ज्ञसमित्यांपेक्षा स्वच्छ भूमिका.

खवट_खोबरं
मालेगाव-गोवंडीचं काय लंडनचं काय, सगळ्यांना माहितीय तिकडे नकार का आहे. उगाच गोल गोल बोलायचं. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना २०२१ मध्ये मुस्लिमांना लसीसाठी पटवायला सलमान खानला बोलवा म्हणायची वेळ आली होती, विसरलात का?

सुईदोरा
@खवट_खोबरं सलमानचं ते २०२१ च्या नोव्हेंबरमधलं विधान कोविड लशीबद्दल होतं. मी मालेगावात जाते म्हणून सांगते, तिथे मोहल्ल्यात मौलानांनी एकदा सांगितलं की रांग लागते, आणि त्याच दिवशी संध्याकाळी लस संपते, आणि दुसऱ्यांदा बोलावलं की कोणी येत नाही. शिवाय माझ्याकडे नकाराच्या यादीत नाशिकच्या एका टॉवरमधली सात घरं आहेत, सगळी शिकलेली, "नॅचरल इम्युनिटी"वाली. त्यांच्यासाठी कोणाला बोलवायचं?

अस्सल_वऱ्हाडी
सद्गुरूंना. (हलकंच घ्या)

कानो_ते_कणकवली
उशिरा आलो. धागा भलतीकडे जायच्या आत लिहितो, थोडं लांबेल.

मी सरकारी नोकरीतून बाहेर पडल्यावर पोलिओच्या कामासाठी उत्तर नायजेरियात होतो. स्टॉप नावाचा कार्यक्रम होता, अमेरिकेची सीडीसी (रोगनियंत्रण संस्था) आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून चालवायच्या, देशोदेशीची माणसं काही महिने दुसऱ्या देशात पोलिओच्या टीमबरोबर काम करायची. आपल्याकडचे बरेच जण गेले कारण उत्तर प्रदेश-बिहारचा अनुभव गाठीशी होता.

सरळमार्गी, तुमच्या यादीत तिथलं कानो शहर घाला. १९९६ मध्ये तिथे मेंदुज्वराची साथ असताना फायझरने ट्रोव्हान या औषधाची चाचणी सुमारे दोनशे मुलांवर केली, अकरा दगावली, संमतीवरून वर्षानुवर्षं खटले चालले आणि २००९ मध्ये कंपनीने राज्य सरकारशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. आता याच गावात २००३ मध्ये परदेशी पैशाने पोलिओचं औषध घेऊन तुम्ही दारात उभे. लोक म्हणाले यात मुलं न होण्याचं औषध आहे, राज्य सरकारने मोहीमच थांबवली, जवळपास वर्षभर. तिथला विषाणू मग कितीतरी देशांत पसरला. २००४ मध्ये मोहीम पुन्हा सुरू झाली ती लस इंडोनेशियातून आणल्यावर. लस तीच हो, पण मुस्लिम देशातली. शास्त्र काही बदललं नव्हतं.

मी गेलो त्या सुमारास, २०१३ च्या फेब्रुवारीत, कानोत लस पाजणाऱ्या नऊ बायकांना गोळ्या घातल्या. तरी त्यांच्या जागी दुसऱ्या बायका आल्या.

आता सुईदोरा ताईंच्या प्रश्नाकडे येतो. तिकडे पुरुषाला घरात जाता येत नाही, मी अंगणाबाहेर उभा असायचो आणि आमची बाई आत. ती बाहेर येऊन सांगायची. एक वाक्य ठरलेलं असायचं: माझं पोर मलेरियाने फणफणलंय त्याचं औषध देत नाही, आणि जो आजार आम्ही पाहिलाही नाही त्याचे थेंब दर महिन्याला घरपोच फुकट आणता, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहेच. याला काय उत्तर देणार? उत्तर शेवटी दिलं ते असं की लसीच्या दिवशी शेजारी आरोग्य शिबिर लावायचं, तापाचं औषध, साबण वाटायचा. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये हेच १०७ ब्लॉकमध्ये केलं होतं, संडास, पाणी, जुलाबासाठी ओआरएस-झिंक, आणि मग पोलिओ. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात वाइल्ड, म्हणजे नैसर्गिक विषाणूच्या, पोलिओची केस नाही, आणि नायजेरियासकट अख्खा आफ्रिका खंड २५ ऑगस्ट २०२० ला त्यातून मुक्त जाहीर झाला, ऐन कोविडमध्ये. त्या दिवशी मी कणकवलीत होतो, तिकडच्या पोरांना झूमवर ट्रेनिंग देत. वीज त्यांचीही जायची, माझीही जायची. बातमी आली तेव्हा माझी गेलेली.

तुमच्या मॉड्यूलमधली ती रसायनवाली आई कुठेतरी असेलच, थेम्सकाठी बाईंच्या ग्रुपवर असेल. मला तिकडे ती भेटली नाही.

अस्सल_वऱ्हाडी
जबरदस्त प्रतिसाद, वाचनखूण साठवली. मेळघाटात लहान भाऊ शिक्षक आहे, तिथे कोविड लशीच्या वेळी मराठीतली पोस्टरं लावली होती, गाव कोरकू. भाऊच मग शाळेच्या पोरांकडून कोरकूत बोलून घ्यायचा मोबाईलवर आणि ग्रुपवर सोडायचा. पोरांचा आवाज ऐकायला तरी लोक ऐकत.

सरळमार्गी
कानोकर, आभार. तुमच्यासारखं कोणी आधी सांगितलं असतं तर मी इतका वाद घातला नसता. घातलाही असता म्हणा.

हाफकिनचा_शेजारी
अवांतर: परळला हाफकिन संस्थेशेजारी राहतो म्हणून सांगतो, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. प्लेगच्या साथीत हाफकिन या शास्त्रज्ञाने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. लोकांचा विश्वास बसायला त्याची मदत झाली. पुढे १९०२ मध्ये तेव्हाच्या पंजाबात मुल्कोवालला एका बाटलीतून धनुर्वाताचे जंतू गेले आणि १९ माणसं दगावली. खापर हाफकिनवर फोडलं, नोकरी गेली, निर्दोष ठरायला वर्षं गेली. बाटली उघडताना टोचणाऱ्याकडून चूक झाली होती.

टिवल्याबावल्या
म्हणजे तेव्हापासून ट्रेनिंग कमीच पडतंय.

आशाताईचा_मुलगा
सगळ्यांचं वाचतोय. मी आशा नाही पण माझी आई आहे, नगर जिल्ह्यात. ट्रेनिंगचं दुसरं टोक सांगतो.

तुम्ही झूम लावता ते आमच्याकडे असं पोचायचं. आईचा फोन जुना, त्यात ॲप टाकायला जागा नाही म्हणून माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो उडवले. उपकेंद्रात एका ताईंच्या फोनवर सगळ्याजणी, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, रेंज यायची ती खिडकीत, त्यामुळे दोघी खिडकीशी आणि बाकीच्या मागून ऐकणार. मॅडम विचारणार "आवाज येतोय का", या म्हणणार येतोय. हजेरीसाठी चॅटमध्ये नाव टाकायचं, ते टाकताना सत्राचा निम्मा वेळ जायचा कारण मराठी कीबोर्ड कुणाला लावता येत नव्हता. शेवटी इंग्रजीतून पाच प्रश्नांची परीक्षा. मी सोडवायचो. आईचे पैकीच्या पैकी.

आणि गावात आईला लोक विचारत काय होते, तर "तुला किती मिळतात एका लशीमागे?" हा एकच प्रश्न. कारण सगळ्यांना माहीत आहे की आशाला कामागणिक पैसे असतात. याचं उत्तर कुठल्या ट्रेनिंगमध्ये दिलं सांगा. २०२१ च्या जूनमध्ये संप केला तेव्हा तेच लोक म्हणाले बघा, पैशासाठीच करतात. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांना मोठा पुरस्कार जाहीर केला. आईला मी बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, एप्रिलचं मानधन आलंय का ते बघ जरा.

सुईदोरा
@आशाताईचा_मुलगा हे वाचून गप्पच झाले. "आवाज येतोय का" म्हणणारी मीच ती. परीक्षेचे निकाल आम्ही वर पाठवतो, ९० टक्क्यांच्या वर येतात, सगळे खूश.

माँट्रियलकर
धाग्याच्या विषयाशी नातं असलेली एक गोष्ट. इकडे कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात बाळंतपणाच्या वॉर्डात लसीसाठी समुपदेशक असतात. शेरब्रूक विद्यापीठातल्या आर्नो गॅन्यूर या डॉक्टरने सुरू केलं, आता प्रांतभर चालतं. आमच्या धाकटीच्या वेळी एक बाई आली, खुर्ची ओढून बसली, आधी विचारलं की तुम्हाला याबद्दल काय माहीत आहे, मग विचारलं की मी एक सांगू का, मी हो म्हटल्यावरच सांगितलं. वीसेक मिनिटं. शेवटी "शून्य ते दहा, किती खात्री वाटते?" मी सहा म्हटलं. तर ती "दहा का नाही" न विचारता "सहा का, तीन का नाही" असं विचारते. म्हणजे मीच लशीच्या बाजूने बोलायला लागलो की हो! हुशार बाई.

सुईदोरा ताई, हे आपल्याकडे शिकवता येईल असं वाटतं.

आशाताईचा_मुलगा
वीस मिनिटं? आईकडे दिवसाला पंचवीस-तीस घरं असतात, आणि खुर्ची कुठून आणायची.

डॉ_बाळगुटी
वीस मिनिटं माझ्या ओपीडीतही नाहीत. पण परवानगी विचारून सांगणं याला दहा सेकंद लागतात, तेवढं उचलावं.

आजोळ_सातारा
जरा विषयांतर करते. सरळमार्गींनी एचपीव्ही काढलं म्हणून, सीरमची नवीन एचपीव्ही लस आहे ना? मुलीला द्यावी का?

डॉ_बाळगुटी
सर्व्हाव्हॅक, जुलै २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. मुली नऊ ते चौदाच्या असताना दिली तर दोनच डोस पुरतात, त्यामुळे लेकीसाठी फार थांबू नका, परदेशी लसही मिळते, महाग आहे एवढंच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे प्रचंड आहेत. आणि सिक्कीमने २०१८ मध्ये राज्यातल्या ९ ते १३ च्या मुलींना दिली, सुमारे ९७ टक्के. खम्ममच्या नंतर. त्यांनी आधी शिक्षक, पालक, पत्रकार सगळ्यांना बसवून सांगितलं होतं.

सरळमार्गी
हे माहीत नव्हतं. वाचतो.

इचलकरंजीचा_जॉबर
इथे वाचनमात्र असतो, पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

ताईंनी विचारलं की नाही कोण म्हणालं आणि का. मी म्हणालो. पोराला दीड महिन्याची पेंटा (पाच रोगांवरची लस) दिली त्या रात्री ताप आला, मांडीला लिंबाएवढी गाठ, पोर रात्रभर रडलं. आम्ही एका खोलीत, शेजारच्या खोलीत दुसरं कुटुंब, मधे पत्रा. माझी पाळी पहाटेची. मी यंत्रमागावर जॉबर आहे, माग दुरुस्त करतो, झोप झाली नाही आणि हात माराच्या दांड्यापाशी गेला तर गेला. खाडा केला, तेवढे पैसे बुडाले. शेजारी बोलले ते वेगळं. दहाव्या आठवड्याच्या डोसाला बायकोला म्हटलं राहू दे. ताई दारात आल्या तर बायकोने सांगितलं पोर गावाला गेलंय. पोर आत झोपलेलं.

मला लस वाईट असं कधी वाटलं नाही. माझ्या आजीच्या दंडावर देवीच्या लशीचे व्रण आहेत, आमच्या घरात कोणी लशीला नाव ठेवत नाही. पण लस बुधवारी. बुधवारी रात्री पोर रडणार आणि गुरुवारी मला पाळी. आमच्याकडे आठवडी सुट्टी शुक्रवारी असते, वीज बंद असते. दोन महिन्यांनी दुसऱ्या ताई आल्या, त्यांनी लशीचं काही सांगितलंच नाही. म्हणाल्या मागच्या वेळी फार त्रास झाला का? गुरुवारी या उपकेंद्रात, मी थांबते, शुक्रवारी तुम्ही घरी असाल. तापाचं औषध मोजून दिलं, पट्टी ओली करून ठेवायची ते दाखवलं, आणि स्वतःचा नंबर दिला. रात्री फोन केला तर उचलला. पुढच्या सगळ्या झाल्या.

सुट्टीचा वार बदलला नसता तर मी आजही नाहीच म्हणालो असतो, खरं ते सांगतो.

कानो_ते_कणकवली
धागा इथे वसूल.

डॉ_बाळगुटी
फार महत्त्वाचा प्रतिसाद. यावर थोडं तांत्रिक, कारण प्रशिक्षणात घालण्यासारखं आहे. सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जो भाग असतो त्याने ताप आणि गाठ येते. ताप एक-दोन दिवसांत जातो, गाठ जिरायला जास्त दिवस लागू शकतात. खाजगीत "पेनलेस" म्हणून महाग लस मिळते ती याच कारणासाठी लोक मागतात. म्हणजे पैसेवाला हीच तक्रार पैसे देऊन सोडवतो, आणि त्याला कोणी साशंक पालक म्हणत नाही. तापाचं औषध मात्र लशीच्या आधीच देऊन ठेवू नका, ताप आला तर वजनाप्रमाणे द्या. गाठीवर शेक-मालीश-हळद काही नको.

गोवराच्या लशीचं वेगळं. तिचा ताप त्या रात्री येत नाही, साधारण आठवड्याभराने येतो, कधी बारीक पुरळही. आधी सांगितलं नसेल तर आई म्हणणारच की लशीने गोवर आला. हे एक वाक्य नर्सने सांगितलं नाही की पुढच्या चार घरांत बातमी पोचलेली असते.

खवट_खोबरं
पण म्हणून प्रत्येकाच्या सुट्टीप्रमाणे लसीकरण ठेवायचं का? सरकारी यंत्रणा आहे, पिझ्झा डिलिव्हरी नाही.

इचलकरंजीचा_जॉबर
प्रत्येकाच्या नाही साहेब. अख्ख्या गावाचे माग एकाच वारी बंद असतात.

टिवल्याबावल्या
खवट_खोबरं क्लीन बोल्ड.

सुईदोरा
सगळ्यांचे आभार. पुढच्या आठवड्यात गोवरच्या जादा डोसासाठी प्रशिक्षण आहे. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना, आधीचे डोस झाले असले तरी, साथीच्या भागात एक जादा डोस, आणि जिथे नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांमध्येही बऱ्याच केसेस आहेत तिथे सहा महिन्यांपासून. म्हणजे आता "आमचं झालंय" म्हणणाऱ्या घरी पण जायचंय आणि परत कशाला हे सांगायचंय. मी संवादाच्या चौदा स्लाईड काढून टाकतेय. त्याऐवजी प्रत्येक ताईने आपल्या भागातला बंदचा वार, बाजाराचा वार, आणि मागच्या वेळी त्रास झालेली घरं लिहून आणायची. वरून विचारणा झाली की स्लाईड कुठे आहेत तर बघू. डॉक्टर, ताप आणि गाठीचं तुम्ही लिहिलंत ते एका पानावर सोप्या मराठीत करून देता का? पीडीएफ करून सगळ्या ग्रुपवर टाकते.

सरळमार्गी
त्या पानावर त्रास झाला तर तक्रार कुठे नोंदवायची तेही लिहा. आणि नोंदवल्यावर पुढे काय होतं तेही. नाहीतर तेच ते.

डॉ_बाळगुटी
लिहून देतो. सरळमार्गींची सूचनाही घेतो, लशीनंतरच्या त्रासाची नोंद बहुतेक वेळा एएनएमलाच करायची असते, आणि बऱ्याच जणी घाबरून करत नाहीत कारण ठपका त्यांच्यावरच येतो.

आशाताईचा_मुलगा
पीडीएफ नको मॅडम, डाउनलोड होत नाही आणि झाली तर अक्षर बारीक दिसतं. दोन मिनिटांचा ऑडिओ पाठवा, आई घरोघरी वाजवून दाखवते. आणि रात्री ताप आला तर फोन करायला नंबर कोणाचा द्यायचा ते आधी ठरवा. आत्ता सगळीकडे आईचाच दिलेला आहे, रिचार्ज मी मारतो.